आखाडा: वाचकांचे प्रश्न

कुस्तीशौकिनांसाठी २०२५ हे वर्ष घडामोडींनी भरलेलं गेलं. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, पण त्याच मैदानावर पंचांच्या निर्णयावरून रण माजलं. मार्चमध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने भारतीय कुस्ती महासंघावरचं निलंबन मागे घेतलं आणि महिनाअखेरीस कर्जतला महाराष्ट्र केसरीची दुसरी स्पर्धा झाली. सप्टेंबरात झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालला कांस्य मिळालं, तर अमन सेहरावत वजनाच्या काट्यावरच बाद झाला. डिसेंबरात टीव्हीवरच्या कुस्तीतला जॉन सीना निवृत्त झाला. यातल्या बहुतेक गोष्टींचे धागे आपल्या गावच्या दंगलीपर्यंत येतात, हे आलेल्या पत्रांवरून दिसलं. जागेअभावी काही पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

अहिल्यानगरच्या कुस्तीत खांदे टेकले की नाही यावरून वाद झाला. आमच्या गावच्या दंगलीतही दरवर्षी भांडण होतं ते यावरच. चितपट नेमकी केव्हा धरावी?
(एक वाचक, ता. अचलपूर)

गादीच्या (मॅटवरच्या) नियमात दोन गोष्टी लागतात. पाठीकडून दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले असले पाहिजेत आणि वरच्या पैलवानाचा ताबा पंचाला स्पष्ट दिसेल इतका वेळ टिकला पाहिजे. तरीही मैदानातला पंच एकट्याने निकाल देत नाही. बाजूचा पंच किंवा मॅट चेअरमन (पंचांचा प्रमुख) यांच्यापैकी एकाची संमती त्याला घ्यावी लागते. अहिल्यानगरला मोहोळकडून हरलेल्या शिवराज राक्षेची तक्रार हीच होती, की दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. तक्रार खरी की खोटी हा वेगळा मुद्दा, पण पंचाला लाथ मारल्यावर तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. राक्षे आणि अंतिम कुस्ती अर्धवट सोडणारा महेंद्र गायकवाड, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

गावच्या दंगलीत चूक होते ती पंच उभा राहून बघतो म्हणून. उभ्या माणसाला वरच्या पैलवानाची पाठ दिसते, खालच्याचे खांदे दिसत नाहीत. त्यातून मऊ मातीत अंग रुततं, त्यामुळे एक खांदा चार बोटं वर असला तरी टेकल्यासारखा वाटतो. म्हणून पंच तीन ठेवा. एक मातीत राहील आणि गरज पडली की पोटावर झोपून पाहील. बाकीचे दोन समोरासमोरच्या कोपऱ्यात खाली बसतील. तिघांपैकी दोघांचे हात वर गेले तरच निकाल. पाठीला माती लागली म्हणजे चीत झाला, हा जुना हिशोब सोडून द्या. कूस बदलतानाही माती लागते.

मोबाइलचं चित्रण निकालासाठी धरणार की नाही, हे पहिल्या कुस्तीआधी लाउडस्पीकरवर सांगून टाका. धरणार असाल तर दोन कोपऱ्यांत स्टँडवर आयोजकांचे दोन फोन लावा आणि फक्त तेच बघा. प्रेक्षकांतल्या फोनवरचं चित्रण एकदा पाहिलं की दुसऱ्या बाजूचे दहा फोन पुढे येतात. पंचाच्या अंगावर जाणाऱ्याचं इनाम जप्त, हेही आधीच जाहीर करा आणि वेळ आली तर खरंच जप्त करा.

एकाच वर्षात महाराष्ट्र केसरी दोन कसे? खरा कोणता?
(ता. मूर्तिजापूर आणि ता. सेलू येथून)

राज्यात कुस्तीच्या दोन संघटना स्वतःला अधिकृत म्हणवतात, त्या आपापली स्पर्धा घेतात. अहिल्यानगरला मोहोळ जिंकला, कर्जतला वेताळ शेळके. दोघांनीही खऱ्या कुस्त्या मारून गदा घेतली आहे, तेव्हा पैलवानाला कमी लेखू नये. अडचण होते ती आपल्या पोरांची. जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: ही जिल्हा संघटना कुणाशी संलग्न आहे, आणि इथून निवड झालेला मुलगा राष्ट्रीय स्पर्धेच्या राज्य संघात धरला जातो का. तोंडी उत्तरावर प्रवेश फी भरू नका.

आमच्या भागात सगळी काळी माती. गावच्या तालमीसाठी हौद करायचा आहे. किती माती लागेल, त्यात काय मिसळावं?
(तरुण मंडळ, ता. घाटंजी)

काळी माती हौदात घालू नका. कपाशीला ती सोनं आहे, पण ओली झाली की फुगून अंगाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. तिची ढेकळं इतकी कडक होतात की गुडघे, कोपरं फुटतात. तांबडी, बारीक पोताची, खडा नसलेली माती शोधा. नदीकाठचा पोयटाही चालतो. रेती मिसळू नका, कातडं सोलून निघतं. गोठ्याजवळची किंवा उकिरड्याजवळची माती आणू नका, तिच्यात धनुर्वाताचे जंतू असण्याचा धोका जास्त. ज्या वावरात फवारणी झाली त्याची वरची मातीही नको.

रोजच्या सरावाचा हौद २० बाय २० फूट आणि १ फूट खोल असावा. म्हणजे ४०० घनफूट, चार ब्रास. माती दबते म्हणून पाच ब्रास मागवा. खाली सहा इंच मुरूम चोपून घ्या म्हणजे पावसाळ्यात पाणी तुंबणार नाही. सगळी माती वाळू चाळायच्या जाळीतून काढा आणि वरचा चार इंचाचा थर धान्याच्या चाळणीतून. चाळून झाल्यावर दोरीला मोठा लोहचुंबक बांधून मातीतून दोन-तीनदा ओढा. खिळे, पत्र्याचे तुकडे त्याला लागून येतात. बाभळीचे काटे मात्र हातानेच वेचावे लागतात.

मिसळायचं प्रमाण दर ब्रासला असं ठेवा: ५ लिटर तेल (तीळ, करडई, मोहरी, जे परवडेल ते), १५ लिटर आंबट ताक, ४ किलो हळद, ५० लिंबांचा रस आणि २०० ग्रॅम कापूर. वरून कडुनिंबाचा पाला वाळवून, चुरून टाका. तेल मातीचा कण धरून ठेवतं, त्यामुळे धूळ उडत नाही. आम्ही तेल आणि ताकावर जोर देतो. हळद, कापूर परंपरेने येतात, थोडे कमी पडले तरी बिघडत नाही. तेल जास्त झालं तर पकड सुटते. ताक जास्त झालं आणि ऊन मिळालं नाही तर बुरशी धरते. म्हणून मिसळल्यावर तीन दिवस उन्हात रोज खालवर करा आणि मगच हौदात भरा.

भरलेला हौद रोज कुदळीने खणायचा, निदान नऊ इंच, आणि मग फळी फिरवायची. तालमीत हे काम पोरांकडून करून घेतात ते व्यायामासाठी, पण ते चुकलं की पहिल्याच आठवड्यात गुडघा मुरगळलेला दिसतो. २० बाय २०च्या हौदावर आदल्या संध्याकाळी ४० लिटर पाणी शिंपडा, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. ओल बरोबर आहे का हे मुठीने कळतं. मूठभर माती दाबली की लाडू झाला पाहिजे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. लाडू होत नसेल तर पाणी कमी, फुटत नसेल तर जास्त.

हौदाला सिमेंटचा कठडा बांधू नका. बांधायचाच असेल तर मातीपासून पाच फूट दूर बांधा आणि आतल्या बाजूने मातीची पोती लावा.

यात्रेत दंगल ठेवायची आहे. महिना कोणता धरावा, जोडी कशा लावाव्यात, इनाम किती?
(ग्रामपंचायत सदस्य, जि. बुलढाणा, अशीच पत्रं वरोरा, काटोल भागातून)

महिना पिकाकडे बघून धरा. नागपंचमी आणि पोळा हे जुने मुहूर्त आहेत, पण पावसाची तयारी हवी. माती ताडपत्रीखाली आणि आडोश्याला एक पर्यायी जागा. सोयाबीनची कापणी आणि कपाशीचा पहिला वेचा चालू असताना दंगल ठेवली तर ना पैलवान येतो ना बघणारा, कास्तकाराला उसंतच नसते. आमच्या मते संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हनुमान जयंतीची दंगल ठेवायची असेल तर संध्याकाळी पाचनंतर दिव्यांच्या उजेडात घ्या. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी कुस्ती लावणं म्हणजे पैलवानाला उष्माघात घडवून आणणं.

दंगलीचं मैदान ४० बाय ४० फूट आणि माती नऊ इंच, म्हणजे बारा ब्रास. ती दोन दिवस आधी टाकून, खणून, शिंपडून ठेवा. सकाळी टाकलेली माती संध्याकाळी पायाखाली सरकते.

आता जोडी. नावावर आणि अंगावर बघून जोड लावायची पद्धत आहे, तिच्यातच अर्ध्या भांडणांचं मूळ आहे. मैदानाच्या दाराशी वजनकाटा ठेवा, येणाऱ्या प्रत्येकाचं वजन घ्या आणि हातावर शाईने लिहा. १६ वर्षांखालच्या मुलांत दोन किलोंपेक्षा जास्त फरक नको, मोठ्यांत तीन-चार किलो चालेल. वयही विचारा. ५० किलोचा चौदा वर्षांचा मुलगा आणि ५० किलोचा वीस वर्षांचा गडी ही जोड होत नाही. मुलींच्या कुस्त्या मुलींशीच लावा. कपडे बदलायला वेगळी खोली द्या आणि जमलं तर त्या गादीवर घ्या.

छोट्या कुस्तीला ८ ते १० मिनिटं, शेवटच्या मोठ्या कुस्तीला २० मिनिटं द्या. वेळ संपली तर पाच मिनिटं गुणांवर, जो पहिला गुण घेईल तो विजयी. ही तरतूद नसली की दोघं २० मिनिटं मान धरून उभे राहतात, बरोबरीत सोडवून घेतात आणि इनाम वाटून नेतात. नुरा (आधी संगनमत करून खेळलेल्या) कुस्तीला आळा घालायचा असेल तर आधीच सांगा: निकाली कुस्तीला पूर्ण इनाम, गुणांवर सुटली तर तीन चतुर्थांश, बरोबरीत सुटली तर दोघांना फक्त प्रवासखर्च. एवढ्यानेच खडाखडी (नुसता समोरच्याचा अंदाज घेत राहणं) कमी होते.

इनामाचा आकडा तुमच्या वर्गणीवर आहे, त्यात आम्ही पडणार नाही. पण खर्चाच्या वाटणीबद्दल आमचं ठाम मत आहे. जमलेल्या रकमेतला निदान तिसरा हिस्सा माती, पंच, डॉक्टर, पाणी आणि प्रकाश यांसाठी आधी बाजूला काढा आणि उरलेल्यातून इनामं ठरवा. शेवटच्या एका कुस्तीवर अर्धी रक्कम लावण्यापेक्षा पाच ते पंधरा किलोमीटरवरून आलेल्या पोरांच्या तीस-चाळीस कुस्त्या वाढवा. गावातली तालीम त्यांच्यावर चालते.

ग्रामपंचायतीचा ठराव आणि पोलीस ठाण्याची परवानगी लागेल, लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. १०८ला आधी कळवून ठेवा. मैदानात सपाट फळीचं स्ट्रेचर, बर्फ, स्वच्छ पाणी आणि पट्ट्या हव्यात. मानेवर पडलेल्या पैलवानाला उठवून बसवणं, मान ओढून ‘बसवणं’ हे आपल्याकडे हमखास होतं आणि त्याने माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. त्याला आहे तसा ठेवा. एकाने दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं आणि चार जणांनी एकदम फळीवर घ्यावं.

मुलगा १५ वर्षांचा, वजन साडेबावन्न. वस्ताद म्हणतात ४८ला उतर, पदक नक्की. उतरावं का?
(एक आई, ता. हिंगणघाट)

ताई, उतरवू नका. साडेचार किलो म्हणजे त्याच्या अंगाचा बारावा हिस्सा. वाढत्या वयात पाणी तोडून, उपाशी ठेवून तो कमी केला तर उंची, हाडं, अभ्यास सगळ्यावर परिणाम होतो आणि मैदानात दुसऱ्या मिनिटाला पाय थरथरतात. १७ वर्षांखालच्या मुलांत ५१ आणि ५५ असे गट आहेत. त्याला ५५मध्ये खेळवा, वर्षभरात अंग भरेल.

वजनाचा खेळ मोठ्यांनाही सुटलेला नाही. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमने बाद झाली. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५७ किलोत कांस्य आणणारा अमन सेहरावत २०२५मध्ये झाग्रेबला १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता परतला. त्यांच्या पाठीशी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळं होतं.

वीस वर्षांच्या पुढच्या पैलवानाला एक गट खाली यायचंच असेल तर चार ते पाच आठवडे आधी सुरुवात करावी, आठवड्याला अर्धा किलो. शेवटच्या दिवशी उतरवायला किलोभरापेक्षा जास्त ठेवू नये. लघवीच्या गोळ्या अजिबात नकोत, त्या उत्तेजक चाचणीच्या बंदी यादीत आहेत आणि हृदयावर घाला घालतात. तालमीतला काटाही तपासा. पाच किलोची चार प्रमाणित वजनं धान्याच्या दुकानातून तासाभरासाठी आणा आणि काट्यावर ठेवा. काटा फरशीवर असावा. सारवलेल्या जमिनीवर तो खचतो आणि वजन चुकीचं दाखवतो.

आमचे पोट्टे टीव्हीवरच्या कुस्त्या पाहून मधल्या सुट्टीत एकमेकाले आपटतात. बंदी घातली तरी आयकत नाहीत.
(शिक्षक, आश्रमशाळा, जि. यवतमाळ)

गुरुजी, २०२५मध्ये हे वाढलं असणारच. एप्रिलपासून त्या कुस्त्या आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आल्या आणि त्याच महिन्यात लास वेगासला जॉन सीनाने कोडी रोड्सला हरवून सतरावं जागतिक अजिंक्यपद घेतलं. ऑगस्टमध्ये रोड्सने ते परत मिळवलं. १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये सीनाची शेवटची लढत झाली, तीत त्याने गुंथरच्या गळपकडीत हात टेकले. मुलांना हे सगळं पाठ असतं.

त्यांना आतली रचना समजावून सांगा, बंदीपेक्षा ते लवकर पटतं. ते रिंगण साधारण २० बाय २० फुटांचं असतं. खाली पोलादी सांगाडा, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कापड. फळ्या लवचीक असतात, त्या थोड्या दबतात आणि मोठा आवाज करतात. निकाल आधी ठरलेला असतो. उचलला जाणारा स्वतः उडी घेतो आणि उचलणारा त्याची मान सांभाळतो, दोघं मिळून एक डाव करतात. नुसतं पडायला शिकण्यातच त्यांचे महिने जातात. तरीही त्यांची हाडं मोडतात. शाळेच्या मैदानात ना फळी असते ना शिकवलेला जोडीदार.

तीन गोष्टींना मात्र कडक मनाई ठेवा: डोकं खाली करून आपटणं, ओट्यावरून किंवा बाकावरून अंगावर उडी, आणि गळा आवळणं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर मूल काही सेकंदांत बेशुद्ध पडतं.

उरलेली रग योग्य ठिकाणी लावा. पोत्यांत धानाचं तणीस ठासून नऊ इंच जाडीची गादी करा आणि पडायला शिकवा. आधी उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, मागे लोळायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही तळहात अंगापासून थोडे दूर जमिनीवर मारायचे. श्वास बाहेर सोडायचा. कोपर मागे टेकवणाऱ्या मुलाला लगेच थांबवा, मनगट आणि कोपर त्यातच मोडतं. दहा-दहा वेळा, आठवडाभर. उभ्याने पडणं दुसऱ्या आठवड्यापासून.

मातीत जिंकतो, गादीवर गेलो की गुणांवर हरतो. काय चुकतं?
(पैलवान, ता. दर्यापूर)

तुमची खडाखडी. मातीत पहिली चार-पाच मिनिटं समोरच्याचा अंदाज घेण्यात गेली तरी चालतं. गादीवर अख्खी कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. निष्क्रिय ठरलात तर ३० सेकंदांची घडी लागते आणि त्यात कुणी गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण जातो. रिंगणाबाहेर पाय गेला की एक गुण, खाली आणून ताबा घेतला की दोन, दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती संपली. मातीत मागे सरकून जीव वाचतो, गादीवर तिथेच गुण जातो. शिवाय मातीत लांग धरून मारलेला डाव गादीवर चालत नाही, पोशाख धरणं नियमबाह्य आहे.

आठवड्यातले तीन दिवस गादीवर काढा. ३० सेकंदांच्या सहा झुंजी, प्रत्येकीत पहिल्या दहा सेकंदांत पायावर हल्ला केलाच पाहिजे अशी अट घाला, मध्ये ३० सेकंद विश्रांती. बूट रोज घाला, नाहीतर स्पर्धेत पाय जड वाटतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या ठिकाणी गादी आणि प्रशिक्षक दोन्ही मिळतात, सुट्टीत महिनाभर जाऊन राहा.

बदाम, तूप परवडत नाही. साठ किलोच्या पैलवानाचा खुराक घरच्या पिकातून होईल का?
(कास्तकार, ता. कळंब)

होईल. त्याला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम प्रथिनं हवीत. एक लिटर दूध ३२ ग्रॅम, चार अंडी २४, शंभर ग्रॅम हरभरा २०, साठ ग्रॅम तूरडाळ १३, दोनशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी २०. बेरीज १०९. अंडी चालत नसतील तर साठ-सत्तर ग्रॅम सोयाबीन घ्या, पण रात्रभर भिजवून, पाणी टाकून देऊन आणि पूर्ण शिजवूनच. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं सोयाबीन प्रथिनं पचू देत नाही आणि पोट फुगवतं. डब्यातली पावडर घ्यायची गरज नाही.

तालमीतल्या सहा पोरांना नायटा झाला. एकाचा कानही सुजून मऊ झालाय.
(वस्ताद, ता. तुमसर)

सहाही जणांना आजच मातीतून बाहेर काढा. चट्टे पूर्ण जाईपर्यंत धावणं, दंड, जोर चालू ठेवा, अंगाला अंग लागू देऊ नका. दुकानातून मिळणारी झटपट मलमं नकोत. बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने खाज थांबते पण नायटा आत पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध चट्टा गेल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायचं. लंगोट रोज धुऊन कडक उन्हात वाळवा, दुपट्टे वेगळे ठेवा आणि कुस्तीनंतर अर्ध्या तासात अंघोळ. हौद तीन दिवस खणून उन्हात उघडा टाका.

कानात रक्त साचलं आहे. दोन-तीन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ते काढून घ्या आणि पट्टी बांधून घ्या. आठवडा गेला की ते घट्ट होतं आणि कान तसाच राहतो. तालमीत सुईने टोचून काढू नका, कूर्चेत पू झाला तर कान गळून आकसतो. बरा होईपर्यंत त्या मुलाची कुस्ती बंद, आणि पुढे सरावात कानटोप घातल्याशिवाय त्याला मातीत सोडू नका.